अंड्याच्या टरफलांतील पास्काची ज्योत

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त प्रायश्चित्तकाळांत भगिनीमंडळापुढें दिलेलें भाषण)



महोत्सवाच्या या व्याख्यानमालेंत आजवर आपण मोठमोठे विषय ऐकले. आमच्या वांट्याला आलेला विषय अगदीं घरगुती आहे. स्वयंपाकघरांत सकाळीं अंडें फोडलें जातें, आंतील ऐवज कढईंत जातो, आणि टरफल केराच्या टोपलींत किंवा फार तर गुलाबाच्या बुंध्याशीं. त्या टरफलांत मेण ओतून पास्काच्या सणासाठीं शोभिवंत मेणबत्ती कशी करावी, हें सांगण्यास आम्हांस उभें केलें आहे. विषय लहान खरा. पण तो सांगतांना आमच्या हातून घडलेल्या एका चुकीची कबुलीही आम्हांस द्यावयाची आहे. ती शेवटीं येईल. आधीं कृति सांगतों, कारण कृति नीट न सांगतां उपदेश करणें म्हणजे भुकेल्यास रिकामें ताट वाढण्यासारखें आहे.

अंडें आणि पास्काचा सण यांची सांगड कशी पडली, हें प्रथम थोडक्यांत पाहूं. मध्ययुगांत युरोपांतील ख्रिस्ती लोक चाळीस दिवसांच्या उपवासकाळांत केवळ मांसच नव्हे, तर अंडीं, दूध आणि लोणीही वर्ज्य करीत. पण कोंबड्यांस उपवास ठाऊक नाहीं! त्या आपल्या नेमानें अंडीं घालीतच राहत, आणि सण येईपर्यंत घरोघरीं अंड्यांचा सांठा होई. सणाच्या दिवशीं उपवास सुटला, कीं तीं अंडीं रंगवून एकमेकांस भेट दिलीं जात. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याच्या घरखर्चाच्या नोंदींत १२९० सालीं सणानिमित्त ४५० अंडीं अठरा पेन्सांस घेतल्याची नोंद आहे. पुढें १६१४ सालीं रोममध्यें जो विधिग्रंथ प्रसिद्ध झाला, त्यांत पास्काच्या वेळीं अंड्यांस आशीर्वाद देण्याची स्वतंत्र प्रार्थनाही आहे. अंड्यांवरील तो निर्बंध कालांतरानें सैल होत गेला, आणि १९१७ च्या धर्मनियमसंहितेनें मांसवर्ज्याच्या नियमांत अंडीं व दूधदुभतें येत नाहीं, असें स्पष्ट केलें. निर्बंध गेला, परंतु आनंदाची खूण राहिली.

बाहेरून दगडासारखें निर्जीव दिसणारें अंडें फुटतें, आणि आंतून जीव बाहेर येतो. थडग्यावरील धोंड बाजूस सारली गेली आणि थडगें रितें आढळलें, या आपल्या श्रद्धेच्या केंद्रस्थानीं असलेल्या घटनेशीं अंड्याचें साम्य साध्या लोकांच्या मनांत सहज बसलें, यांत नवल नाहीं.

अंडें आणि मेण यांचीही जुनी मैत्री आहे. युक्रेन देशांत पिसांका नांवाची अंडीं करतात. बारीक नळीच्या लेखणीनें वितळलेलें मधमाशांचें मेण टरफलावर रेघारेघांनीं लावावयाचें, अंडें रंगांत बुडवावयाचें, पुन्हां मेण, पुन्हां रंग, आणि शेवटीं ज्योतीच्या उबेनें सर्व मेण पुसून काढावयाचें, म्हणजे खालचे रंग उजळून दिसतात. आपल्याकडे बाटिकचें कापड ज्या रीतीनें होतें, तीच ही रीत. या कलेस २०२४ सालीं युनेस्कोनें मानवजातीच्या सांस्कृतिक वारशाच्या यादींत स्थान दिलें. तेथें मेण टरफलाच्या बाहेर असतें. आपण आज तें आंत घालणार आहों, इतकाच फरक.

कोणी म्हणेल, ही सारी परदेशची रूढि. आमच्या आजी-पणजींनीं सणास अंडीं कधीं रंगविलीं होतीं? हा प्रश्न रास्त आहे. अंडें हा कांहीं श्रद्धेचा भाग नव्हे. तें न रंगवल्यानें सणास तिळभर उणेपणा येत नाहीं. परंतु ज्योतीची गोष्ट निराळी आहे. पवित्र शनिवारच्या रात्रीं मंदिरांतील सारे दिवे मालविले जातात, बाहेर नवा अग्नि पेटविला जातो, पास्काच्या मेणबत्तीवर क्रूस, आल्फा व ओमेगा हीं अक्षरें आणि चालू वर्षाचे अंक कोरले जातात, आणि त्या एका ज्योतीवरून आपणां सर्वांच्या हातांतील मेणबत्त्या पेटतात. आपल्यांतील वृद्धांस आठवत असेल, कीं १९५६ पूर्वीं हा विधि शनिवारीं सकाळींच होत असे. भर उन्हांत ज्योत दिसेनाशी होई. बाराव्या पायस पोपमहाशयांनीं १९५१ सालीं रात्रीच्या विधीची परवानगी दिली, आणि १९५६ पासून तो सर्वत्र रात्रीं होऊं लागला. अंधार मिळाला, म्हणून उजेडाची किंमत कळली.

शिवाय वसंत ऋतूही आपला परका नाहीं. युरोपांत बर्फ वितळतें, तेव्हां पास्काचा सण येतो. आपल्याकडे तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान म्हणजे बहुधा फाल्गुन-चैत्रांत पडतो. आंब्यास कैऱ्या धरलेल्या असतात, मोगरा फुलूं लागतो, वाडींतील चाफा बहरतो. तेव्हां अंड्याच्या टरफलावर बर्फाळ देशांतील फुलें काढण्याऐवजीं आपण आपला मोगरा आणि आंब्याचा डहाळा काढावा, म्हणजे रूढि आपोआप आपल्या अंगणांतली होते.

आतां कृतीकडे वळूं.

प्रथम टरफलें. प्रायश्चित्तकाळ सुरू झाला, कीं घरांत येणाऱ्या अंड्यांपैकीं चांगलीं, जाड कवचाचीं अंडीं निवडावीं. पांढरीं असल्यास रंग खुलून दिसतो. गांवठी अंड्यांचा फिकट तांबूस वर्ण तसाच ठेवला, तरी सुंदर दिसतो. अंड्याचें निमुळतें टोंक वर धरून सुरीच्या पाठीनें सभोंवार हलके ठोके द्यावे आणि वरचा सुमारें चौथा भाग काढून टाकावा. कांठ वेडावांकडा राहिला, तर बोटांच्या चिमटीनें थोडथोडा खुडावा. तो थोडा दंतुर राहिल्यास उलट शोभा येते. आंतील ऐवज भाजीस किंवा केकास वापरावा. टरफल कोमट साबणाच्या पाण्यानें धुऊन आंतला पातळ पापुद्रा बोटानें सोडवून काढावा. तो राहिल्यास पुढें करपून वास येतो. मग टरफलें दहा मिनिटें पाण्यांत उकळावीं, कारण कच्च्या अंड्यावर रोगजंतु असूं शकतात आणि हें काम मुलांच्या हातीं जावयाचें आहे.

याच उकळण्याच्या पाण्यांत रंगही देतां येतो. कांद्याच्या कोरड्या सालींचा मूठ-दोन मुठी ऐवज पाण्यांत घालून उकळला, कीं पांढऱ्या टरफलास तांबूस तपकिरी रंग चढतो. हळदीनें पिंवळा येतो, बिटाच्या कापांनीं गुलाबी छटा येते. पाण्यांत एक चमचा शिरका घालावा, म्हणजे रंग धरण्यास मदत होते. टरफलाचा बहुतेक सर्व भाग, शेंकडा सुमारें ९५, चुन्याच्याच जातीच्या कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. शिरक्याच्या आंबटपणानें त्याचा पृष्ठभाग किंचित् खरबरीत होतो. पण शिरका जास्त झाला, तर टरफलच विरूं लागेल, हें ध्यानांत ठेवावें. रंग वाळल्यावर बारीक कुंचल्यानें क्रूस, मासा, द्राक्षांचा घड किंवा मोगऱ्याची कळी काढावी. कागदाची झालर, कापूस, वाळलेलीं फुलें अथवा चमकीचे तुकडे कांठाजवळ चिकटवूं नयेत. कारण पुढें सांगतों.

दुसरी गोष्ट वातीची. बाजारांत मेणबत्तीची विणलेली वात मिळते, ती उत्तम. घरीं करावयाची असल्यास कच्च्या सुताचे तीन पदर घेऊन घट्ट वेणी घालावी. दीड पेला कोमट पाण्यांत एक मोठा चमचा मीठ व दोन मोठे चमचे टाकणखार विरघळवून वेणी त्यांत रात्रभर भिजत ठेवावी व पूर्ण वाळवावी. टाकणखार पोटांत जाऊं नये, म्हणून तें भांडें मुलांपासून दूर ठेवावें. वात पिळाची न करतां विणलेली कां करावी, असें कोणी विचारील. पूर्वीं मेणबत्तीची जळलेली वात सारखी कातरीनें छाटावी लागे. १८२५ च्या सुमारास फ्रान्समध्यें कांबासेरे या गृहस्थानें विणलेली वात वापरांत आणली. ती जळतांना वांकते, तिचें टोंक ज्योतीच्या कडेस येऊन पूर्ण जळून जातें, आणि काजळी फार धरत नाहीं. आपल्या हातांतील साध्या वस्तूंमागेंही कोणाची तरी बुद्धि राबलेली असते. तयार वात वितळलेल्या मेणांत एकदां बुडवून ताठ वाळवावी.

तिसरी गोष्ट मेणाची. मधमाशांचें मेण सर्वांत श्रेष्ठ. तें ६२ ते ६४ अंश सेल्सियसला वितळतें, त्यास मंद सुगंध असतो, आणि आपल्या वसंतांतील उष्म्यांतही तें टणक राहतें. पास्काच्या रात्रीं गाइल्या जाणाऱ्या स्तुतिगीतांत मधमाशांच्या कामाचा मुद्दाम उल्लेख आहे. जगाच्या तारणाचें गाणें गातांना मातेनें, म्हणजे पवित्र सभेनें, त्या चिमुकल्या जीवांचे श्रम विसरूं दिले नाहींत. परंतु मधमाशांचें मेण महाग पडतें. साधें पॅराफीन मेण घेतलें, किंवा वीज गेल्यावर जाळलेल्या मेणबत्त्यांचे घरांत पडलेले तुकडे जमविले, तरी चालतें. आशीर्वादित मेणबत्त्यांचे तुकडे मात्र फादरांस विचारल्याशिवाय वितळवूं नयेत. एका टरफलास साधारण ३० ते ३५ ग्रॅम मेण लागतें. म्हणजे डझनभर मेणबत्त्यांस ४०० ग्रॅमच्या आसपास.

मेण कधींही थेट आंचेवर ठेवूं नये. मोठ्या पातेल्यांत पाणी तापवावें आणि त्यांत मेणाचें लहान भांडें ठेवावें. पाणी १०० अंशांपलीकडे तापत नाहीं, म्हणून मेणही पेट घेण्याइतकें तापत नाहीं. एवढें करूनही कधीं मेणानें पेट घेतलाच, तर आंच बंद करून वर झांकण ठेवावें. पाणी कदापि ओतूं नये. पाण्याची क्षणांत वाफ होऊन जळतें मेण चहूंकडे उडतें. ही सूचना आपण आपल्या मुलींस व सुनांस पुन्हां पुन्हां सांगावी. मेण मोरींतही ओतूं नये. थंड होतांच तें नळी बुजवितें.

आतां परातींत कोरडी वाळू किंवा तांदूळ पसरून टरफलें त्यांत सरळ उभीं करावीं. वितळलेलें मेण आंचेवरून उतरवून थोडें थांबावें. भांड्याच्या कडेस मेणाची पातळ साय धरूं लागली, म्हणजे ओतण्याची वेळ झाली असें समजावें. फार कढत मेणानें टरफल तडकतें. प्रथम तळाशीं चमचाभर मेण ओतून त्यांत वातीचें टोंक रोवावें. कांठावर दोन काड्या आडव्या ठेवून वात त्यांच्या चिमटींत मधोमध धरावी. मग टरफल कांठापासून बोटभर खालपर्यंत भरावें. मेण थिजतांना आकसतें आणि वातीभोंवतीं खळगा पडतो. तो तासाभरानें पुन्हां थोडें मेण ओतून भरून काढावा. तीन-चार तासांनीं काड्या काढून वात पाव इंच ठेवून कातरावी. मेणांत रंगखडू किसून घालण्याचा मोह होतो. परंतु त्यानें वात चोंदते. आंतलें मेण पांढरेंच असूं द्यावें. ज्योत लागली, कीं पातळ टरफल आंतून आपोआप उजळतें, आणि बाहेरील रंग जिवंत होतात. तो देखावा पाहिला, म्हणजे सारे श्रम फिटतात.

ही मेणबत्ती मंदिरांत किंवा मिरवणुकींत नेण्याजोगी नव्हे, हें स्पष्ट सांगितलें पाहिजे. टरफल हातांत तापतें आणि गर्दींत फुटतें. मंदिरांतील पास्काची मेणबत्ती तर खऱ्या मेणाचीच, दरवर्षीं नवी आणि एकच असावी, कृत्रिम कधींही नसावी, असें १९८८ सालच्या रोमच्या परिपत्रकानें घालून दिलें आहे. आपली ही टरफलाची मेणबत्ती घरच्या वेदीसाठीं आणि सणाच्या ताटाजवळ ठेवण्यासाठीं. जागरणविधीहून येतांना कंदिलांतून पास्काची ज्योत घरीं आणावी आणि तिच्यावरून ही लावावी.

ती कशांत ठेवावी, हें आम्हीं ठेंच लागून शिकलों. पहिल्या वर्षीं आम्हीं पुठ्ठ्याचें कडें करून त्यावर रंगीत कागदाची झालर चिकटविली आणि त्यांत टरफल बसवून घरच्या वेदीवर ठेवलें. खालीं आमच्या आईनें स्वतःच्या हातानें विणलेलें लेसचें पांघरूण होतें. जेवणाच्या गडबडींत आम्ही पाठ फिरविली, आणि झालरीनें पेट घेतला. घर वांचलें, पण त्या पांघरुणास हातभर भोंक पडलें. आई तेव्हां हयात नव्हती, म्हणून तें दुसरें विणलें जाणार नव्हतें. तेव्हांपासून आमचा नियम असा : पितळेच्या वाटींत बारीक वाळू भरावी, टरफल अर्धें त्यांत रोवावें, जवळ कागद, पडदा किंवा फुलें नसावीं, आणि माणूस खोलींतून उठलें, कीं ज्योतही विझवावी. तळाशीं बोटभर मेण उरलें, म्हणजे मेणबत्ती संपली असें समजावें. त्याखालीं ती जाळूं नये. तें जळकें पांघरूण आम्हीं टाकलें नाहीं. भोंक झांकेल अशा रीतीनें घडी घालून तें आजही वेदीवर असतें.

बंधुभगिनींनो, मेणबत्ती जळते म्हणजे काय होतें? मायकेल फॅरडे या थोर शास्त्रज्ञानें १८६० च्या नाताळाच्या सुटींत लंडनमधील मुलांसाठीं केवळ मेणबत्ती या एका विषयावर व्याख्यानमाला दिली होती. ज्योतीच्या उष्णतेनें वरचें मेण वितळतें, तें वातींतून वर चढतें, तेथें त्याची वाफ होते, आणि ती वाफ जळते. म्हणजे उजेड देतें तें मेण. वात केवळ त्यास वर येण्याची वाट करून देते. आणि मेण तरी कोणासाठीं जळतें? स्वतःसाठीं खास नव्हे. हें आम्हांस पुस्तकांत कळलें होतें. आयुष्यांत कळण्यास एक लहान मूल आणि एक आजारी म्हातारी लागली. येथें आमच्या कबुलीची वेळ आली.

आगीच्या त्या प्रसंगानंतर दोन वर्षांनीं आम्ही या कामांत चांगले तरबेज झालों होतों. त्या वर्षीं आम्हीं चोवीस मेणबत्त्या केल्या. वेदीवर सहा, जेवणाच्या मेजावर सहा, ओटीवर, खिडकींत, जिन्यावर, अशी त्यांची मांडणी आधींच ठरली होती. येणारेजाणारे पाहुणे काय म्हणतील, याचेंच चित्र आमच्या डोळ्यांपुढें होतें. पवित्र शनिवारीं दुपारीं आमच्या घरांतील सात वर्षांचें मूल त्या मेणबत्त्या मोजीत बसलें होतें. मोजून झाल्यावर त्यानें विचारलें, "यांतली मावशीची कोणती?"

आमच्या आळीच्या टोंकास एक वृद्ध विधवा राहत. साऱ्या आळीच्या त्या मावशी. पाय निकामी झाल्यानें दोन वर्षें त्यांना मंदिरांत जातां आलें नव्हतें. पूर्वीं जागरणविधीहून ज्योत घरीं आणण्याची शिकस्त करणाऱ्यांत त्या पहिल्या असत. वाऱ्यानें विझूं नये म्हणून पदराच्या आडोशानें जपून आणीत, आणि वाटेंत कोणाची विझली, तर थांबून लावून देत. हें सारें आम्हांस ठाऊक होतें. तरी चोवीस मेणबत्त्या करीपर्यंत त्यांची आठवण आम्हांस एकदांही झाली नव्हती. मुलानें विचारलें, तेव्हां ती झाली. पण त्यापुढें जें झालें, तें सांगण्यास अधिक लाज वाटते. आम्हीं चोविसांवरून नजर फिरविली, आणि जिला बारीक तडा गेला होता, जी आमच्या वेदीवर शोभली नसती, ती उचलून मुलाच्या हातीं दिली.

रात्रीं विधि आटोपल्यावर मूल व आम्ही कंदील घेऊन त्यांच्याकडे गेलों. मावशी जाग्याच होत्या. घंटा ऐकून त्यांनीं आपलें आपणच स्तुतिगीत म्हटलें होतें. आम्हीं मेणबत्ती वाटींत ठेवून लावली. तड्यांतून मेण पाझरूं लागलें आणि वाळूवर थेंब थेंब पडूं लागलें. आम्ही ओशाळलों, म्हणालों, "मावशी, ही जरा फुटकी निघाली. उद्यां दुसरी आणून देतों."

त्या म्हणाल्या, "असूं दे रे. फुटल्याशिवाय उघडलें असतें का?"

त्या टरफलाविषयीं बोलल्या, कीं थडग्याविषयीं, कीं स्वतःविषयीं, हें आम्हीं विचारलें नाहीं. आम्ही घरीं आलों, तेव्हां आमच्या तेवीस मेणबत्त्या एकदम लावून पाहण्याची हौस उरली नव्हती.

दुसऱ्या वर्षीं पहिली मेणबत्ती मावशींची केली. मधमाशांच्या मेणाची, पांढऱ्या शुभ्र टरफलाची, वर मोगऱ्याची कळी काढलेली. त्यांनीं ती रविवारच्या पहाटेपर्यंत जाळली. त्याच वर्षीं आगमनकाळांत प्रभूनें त्यांना बोलावून घेतलें. त्यांचें घर आवरावयास गेलेल्या बायांस मागच्या पडवींत एक टरफल मातींत अर्धें पुरलेलें आढळलें, आणि त्यांतून मिरचीचें रोप वर आलेलें होतें. ज्योत संपल्यावर त्यांनीं उरलेलें मेण गरम पाण्यानें काढून, बुडास भोंक पाडून, आंत माती घालून बी पेरलें होतें. शेतकऱ्याची लेक ती. टरफल फेंकून देणें त्यांस जमलें नसतें. ही गोष्ट आपणही करावी. रोप दोन बोटें वाढलें, कीं टरफल हलकेंच चेंगरून त्यासकट जमिनींत लावावें. मुळ्यांस वाट मिळते, आणि टरफल मातींत मिसळून जातें.

आतां आमची विनंति. आपल्या धर्मग्रामास यंदा पन्नास वर्षें पूर्ण होत आहेत. मंदिरास विजेची रोषणाई होईल, ती व्हावीच; पण ती रोषणाई रस्त्यावरून दिसते, अंथरुणावरून दिसत नाहीं. आपल्या आळ्यांतून असे किती जण आहेत, ज्यांना पास्काच्या रात्रीं केवळ घंटा ऐकूं येते? कोणी अंथरुणास खिळलेले, कोणी नुकतेच दुःखांत बुडालेले, कोणाचीं मुलें दूर परदेशीं, कोणी कांहीं कारणानें मंदिराची वाट सोडलेले. त्यांची यादी करण्यास कचेरी नको. प्रत्येक आळींतील एका बाईस ती तोंडपाठ असते. आम्ही सुचवितों, कीं यंदा सर्वांनीं मिळून पन्नास मेणबत्त्या कराव्या, वर्षास एक याप्रमाणें. येत्या दोन शनिवारीं दुपारीं टरफलें, वाती व मेण घेऊन येथेंच जमूं; कढत मेण मोठ्यांनीं ओतावें, रंगकाम मुलांनीं करावें. पवित्र शनिवारच्या रात्रीं विधि संपल्यावर आपल्या मुलांनीं वडीलधाऱ्यांबरोबर जाऊन पास्काच्या ज्योतीवरून त्या लावून द्याव्या. लावून लगेच निघून येऊं नये; थोडा वेळ त्या उजेडांत बसावें, एक प्रार्थना म्हणावी, आणि निघतांना एकट्या राहणाऱ्यांच्या घरांतील ज्योत विचारून विझवावी. सकाळीं पुन्हां लावण्यास कोणी तरी जावें. हें दुसरें जाणेंच अधिक महत्त्वाचें, असें आमचें मत आहे.

आणखी एकच अट. या पन्नासांत तडा गेलेली एकही नसावी. तडा गेलेली आपल्या घरीं ठेवावी. तिच्यांतून मेण पाझरतें खरें, पण उजेड तितकाच देते. आणि आपणांस आपली आठवण राहावी, म्हणून ती बरी.

पुनरुत्थित प्रभू आपल्या घराघरांतील अंधाऱ्या कोपऱ्यांस आपला उजेड देवो, अशी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतों.